स्लोव्हेनियातली भाड्याची गाडी आणि माझे १,१८४ युरो

एक हजार एकशे चौऱ्याऐंशी युरो. कार्डावर रुपयांत १,२७,८७२. त्यावर बँकेची एक टक्का फी १,२७८ रुपये ७२ पैसे आणि त्या फीवर जीएसटी २३० रुपये १७ पैसे. एकूण १,२९,३८० रुपये ८९ पैसे. पैशांपर्यंत आकडा लिहितेय, कारण "चालायचंच गं, एवढ्या मोठ्या ट्रिपमध्ये थोडंफार जातं" असं म्हणणारे नातेवाईक मला भेटलेत.

जुना ओरखडा नव्या गिऱ्हाइकाच्या माथी मारायचा, हा भाड्याच्या गाड्यांचा धंदा तुम्हाला ठाऊक असेलच. मलाही ठाऊक होता. गाडी घेताना व्हिडिओ काढायचा, हेही ठाऊक होतं, आणि मी तो काढलाही होता. म्हणून तर जास्त जळफळाट होतोय. ज्याला काहीच माहीत नाही तो फसला, तर लोक निदान हळहळतात तरी.

आमची ट्रिप मोठी हौसेची. मी आणि ताई, दोघीच. ल्युब्ल्यानाला गाडी घ्यायची, ब्लेड आणि बोहिन्यचे तलाव बघायचे, व्रशिच खिंडीतून सोचा नदीच्या खोऱ्यात उतरायचं, गोरिश्का बर्दाच्या द्राक्षमळ्यांत राहायचं आणि शेवटी पिरानला समुद्रावर. देश इतका आटोपशीर की सकाळी आल्प्समध्ये चहा घेतलात तर दुपारी समुद्रात पाय बुडवता येतात. गाडी आम्ही एका मध्यस्थ वेबसाइटवरून घेतली. भाडं २१४ युरो. त्याच साइटवर "संपूर्ण संरक्षण" म्हणून ८३ युरो ६० सेंट. ही रक्कम लक्षात ठेवा, तिची कथा पुढे आहे.

ऑफिस एका इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये होतं. काउंटरवरचा मुलगा फार गोड. कुठे कुठे जाणार, विचारलं. मी आपली उत्साहाने सगळा मार्ग सांगत बसले, आणि तो टॅबवर काहीतरी टिपत होता. मला वाटलं, बिचारा नकाशा काढून देतोय! व्रशिचचं नाव ऐकून म्हणाला, "वा, पन्नास वळणं!" बर्दा म्हटल्यावर त्याने चेहरा गंभीर केला. म्हणाला, सोल्कान गावाहून बर्दाला जाणारा रस्ता इटलीच्या हद्दीतून जातो, तेव्हा सीमा ओलांडण्याचे ४५ युरो द्यावे लागतील.

रस्ता इटलीतून जातो, हे खरं आहे. १९७५ साली इटली आणि तेव्हाच्या युगोस्लाव्हियात सीमेचा ओसिमो करार झाला, त्यानंतर तो बांधला गेला. थोडंसं अंतर तो इटलीच्या जमिनीवरून जातो, दोन्ही बाजूंना कुंपण, मध्ये कुठे वळायची सोय नाही, आणि पुन्हा स्लोव्हेनिया. गाडी इटलीत "नेणं" म्हणजे कुंपणामधून दोन-तीन मिनिटं जाणं. त्याचे ४५ युरो. वर महामार्गाच्या विन्येटचे, म्हणजे टोलच्या पासाचे, म्हणून ३९. तिथे विन्येट कागदी राहिलेली नाही. २०२२ पासून कारसाठी ती नंबर प्लेटवर ऑनलाइन नोंदवतात, आणि आम्ही गेलो तेव्हा आठवड्याची १६ युरोला मिळत होती. नंतर महामार्ग कंपनीच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून पाहिला, तर त्या गाडीवर वर्षभराची विन्येट आधीपासूनच होती. नंबर टाकून तपासायला मिनिट लागत नाही. काउंटरवर उभे असतानाच फोनवर तपासा.

मग विमा. दिवसाला २९ युरोंचा त्यांचा विमा घ्या, नाहीतर कार्डावर १,२०० युरो अडकवून ठेवतो, असं म्हणाला. माझ्याकडे "संपूर्ण संरक्षण" आहे, असं मी ठणकावून सांगितलं. त्याने खांदे उडवले आणि मशिन स्वतःकडे वळवून बटणं दाबली. स्लिप रुपयांत आली. युरोत की रुपयांत, हे मशिनने गिऱ्हाइकाला विचारायचं असतं. ते त्याने परस्पर निवडलं. परदेशात कार्ड घासताना स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या आणि कायम तिथलंच चलन निवडा. रुपये निवडले की दर त्यांचा. त्यांनी मला १०८ ने लावला, तेव्हा बाजारात युरो शंभरच्या आसपास होता. नुसत्या या एका बटणात नऊ हजारांच्या वर गेले.

आता ती जागा, जी मला अजून रात्री दिसते. गाडी खांबाला खेटून लावलेली होती. उजवी बाजू भिंतीकडे, मध्ये जेमतेम वीतभर फट. पुढचा भाग भिंतीला टेकलेला. डोक्यावर एक ट्यूब, तीही लुकलुकणारी. गाडी नुकती धुतलेली, म्हणजे अंगभर पाण्याचे थेंब. ओल्या गाडीवर ओरखडा दिसत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! ताई म्हणाली, "अगं, गाडी बाहेर उजेडात काढायला सांग ना त्याला." मुलगा लगेच म्हणाला, मागे दुसरी गाडी यायची आहे, रस्ता अडेल, तुम्ही सही करा, मी बाहेर काढून देतो. टॅबवर गाडीचं चित्र होतं आणि त्यावर डाव्या बाजूला दोन खुणा. आम्ही रात्रभराच्या प्रवासाने अर्ध्या झोपेत. सही झाली, मग गाडी बाहेर निघाली, आणि बाहेर म्हणजे थेट वाहत्या रस्त्यावर, मागून हॉर्न. तिथे कुणी गुडघे टेकून चाकं तपासली असती, तर मी त्याला नमस्कार केला असता. माझा व्हिडिओ आहे: डावी बाजू, मागची डिकी, आतल्या सीटा, पेट्रोलचा काटा. सगळं स्वच्छ दिसतं. उजवी बाजू म्हणजे काळोख आणि सिमेंट.

खांबाला खेटलेली गाडी हा योगायोग नव्हता, हे परत देताना कळलं.

मधल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते दिवस सुंदर होते आणि ते आठवले की राग आणखी चढतो. बोहिन्य ब्लेडपेक्षा मोठं आणि कितीतरी शांत. व्रशिच १,६११ मीटरवर, पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेला रस्ता. क्रान्स्का गोराच्या बाजूच्या वळणांवर अजून दगडी फरसबंदी आहे. तिथे मी दुसऱ्या गिअरमध्ये इतकी हळू चालवत होते की मागून सायकलवाले पुढे जात होते. बर्दात आम्ही रेबुला ही तिथली वाइन प्यायलो ती मुक्कामाच्या घरी, गाडी अंगणात लावून झाल्यावर. पिरानच्या जुन्या गावात पाहुण्यांच्या गाड्या सहसा सोडत नाहीत. गाडी फोर्नाचेच्या पार्किंगमध्ये ठेवायची आणि बसने तार्तिनी चौकात जायचं. हे सगळं सांगतेय ते एवढ्याचसाठी की गाडी घासायला जागाच नव्हती. अरुंद गल्लीत गाडी घातली असती, तर मीच गप्प बसले असते.

परत द्यायला गेलो तेव्हा दुसरा माणूस, चाळिशीचा, हातात टॉर्च. तो चालत आला, गाडीला वळसा घातला आणि थेट उजव्या मागच्या चाकाशी बसला. छत नाही, दारं नाहीत, काच नाही, डाव्या बाजूकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही. मग उठून पुढे गेला, पाठीवर झोपला आणि बंपरच्या खालच्या कडेवर टॉर्च मारला. दोन जागा, दोन्ही पहिल्या फटक्यात. ज्याला ओरखडा शोधायचा असतो तो शोधतो. हा तर ठेवलेली वस्तू उचलावी तसा गेला. वर हसून म्हणाला, "व्रशिच, नाही का? दगडी वळणं." मी काउंटरवर हौसेने सांगितलेला मार्ग आता माझ्याविरुद्धचा पुरावा होता. कुठे जाणार, हे काउंटरवर सांगू नका. नियमानुसार विचारलं तर देशाचं नाव सांगा, बस.

हिशोब असा: बंपर ६४०, चाकाची रिम ३१०, ऑफिसखर्च ९०, गाडी दोन दिवस बंद राहणार म्हणून ७२ प्रमाणे १४४. अडकवलेले १,२०० आणि बिल १,१८४. नुकसान कसं बरोब्बर डिपॉझिटच्या मापाचं निघतं बघा. विमानाला तीन तास. सही करा, नाहीतर चौकशी होईपर्यंत सगळे १,२०० ठेवतो, म्हणाला. ताईच्या सांगण्यावरून मी "मान्य नाही" असं इंग्रजीत लिहून खाली सही केली. हे तुम्हीही करा, पण त्याचा उपयोग होईलच अशा भ्रमात राहू नका.

त्या तीन तासांत आम्ही पोलिसांत गेलो. अधिकारी सभ्य होता, पाणी विचारलं, सगळं ऐकून घेतलं, आणि हा दोन पक्षांमधला कराराचा वाद आहे, यात आम्ही रिपोर्ट देत नाही, असं सांगितलं. इथून चक्र सुरू. "संपूर्ण संरक्षण"वाल्यांकडे दावा केला, तर त्यांनी पाच कागद मागितले: करार, नुकसानीचा अहवाल, पैसे भरल्याचा पुरावा, दुरुस्तीचं बिल आणि पोलिस रिपोर्ट. पोलिस रिपोर्ट देत नाहीत, असं कळवलं. उत्तर आलं, रिपोर्टशिवाय दावा अपूर्ण. पुढच्या मेलमध्ये आणखी एक कलम दाखवलं: टायर, रिम आणि गाडीची खालची बाजू संरक्षणात नाहीच. मग ८३ युरो ६० सेंट मी कशाचे दिले, आरशांचे? या मध्यस्थांच्या संरक्षणात आधी सगळे पैसे तुम्हीच भरायचे आणि मग त्यांच्या दारात भीक मागायची. काउंटरवर त्याची किंमत शून्य. गाडी घ्यायची तर थेट कंपनीकडून घ्या, आणि शून्य जबाबदारीचा, म्हणजे नुकसान झालं तरी आपल्याला काही भरावं लागत नाही असा, विमा त्यांचाच घ्या, महाग वाटला तरी. काउंटरवरचं भाडं जितकं स्वस्त, तितकी त्यांची कमाई गाडी परत घेताना.

आता आपली बँक. तक्रारीचा फॉर्म भरला, व्हिडिओ जोडला, "मान्य नाही" लिहिलेला कागद जोडला. उत्तर: कागदावर आपली सही आहे, सबब व्यवहार आपल्या संमतीने झाला आहे. अहो, सहीच्या वर काय लिहिलंय ते वाचा! फोनवरच्या मुलीने वाचलं, "हो मॅडम, दिसतंय" म्हणाली, आणि सिस्टीममध्ये त्यासाठी पर्याय नाही म्हणाली. पुन्हा लिहिलं, तर त्यांनी व्यापाऱ्याने चूक कबूल केल्याचं पत्र मागितलं. म्हणजे चोराकडून चोरीचा दाखला आणा. बँकेच्या वरच्या यंत्रणेकडे गेले, तर तक्रार "बँकेने योग्य उत्तर दिले आहे" या एका वाक्यावर बंद. सायबर सेलमधल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "ओटीपी दिला होता का?" नाही म्हटलं. "मग फ्रॉड नाही." ओटीपी दिला असता तर म्हणाले असते, तुम्हीच दिलात. युरोपात देशोदेशी ग्राहकांना मदत करणारी केंद्रं आहेत, म्हणून तिथेही लिहिलं. तिथून सभ्य भाषेत कळलं की ती मदत युरोपीय संघ, नॉर्वे आणि आइसलँडच्या रहिवाशांसाठी आहे. लुटायला जगातला कुणीही पाहुणा चालतो, दाद मागायला मात्र पत्ता युरोपातला हवा.

दुरुस्तीचं बिल मी मागतच राहिले. ते आजपर्यंत आलेलं नाही. आलं ते एक अंदाजपत्रक. त्यावर गॅरेजचं नाव नाही, सही नाही, कर क्रमांक नाही. त्या देशात डीडीव्ही, म्हणजे तिथला जीएसटी, बावीस टक्के असतो, त्याची ओळच नाही. ६४० आणि ३१० हे दोन गोल आकडे आणि खाली बेरीज. माझी खात्री आहे की तो बंपर आजही तसाच आहे आणि त्याच खांबाला खेटून उभा आहे. कुणाला गाडी भिंतीला चिकटवलेली दिसली, तर किल्ली हातात घेऊ नका. बाहेर उजेडात काढून कोरडी पुसून द्या म्हणा, चारही रिमचे फोटो त्यांच्या माणसासकट काढा, तारीख-वेळ दिसेल असे. नाही म्हणाला तर दुसरीकडे जा. बुकिंगचे पैसे बुडाले तरी चालतील, माझे बुडाले त्याहून कमीच बुडतील.

ते बिनकराचं अंदाजपत्रक आणि रुपयांतली पावती मी तिथल्या कर खात्याला पाठवली आहे. गिऱ्हाइकाचं कुणी ऐकत नाही, कराचं ऐकतील अशी ताईची आशा आहे. पोच आली आहे, उत्तर अजून नाही.