जुन्या परीकथा बदलून नव्यानं सांगणारा संच, चार पुस्तकं : सात महिने वापरल्यानंतर

टपालखर्चासकट साडेनऊशे रुपये मोजले. परवा 'लाल टोपीवाली'ची शिवण उसवली आणि मधलं पान हातात आलं. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर "सात दिवसांत कळवायचं होतं" एवढंच उत्तर. रोज रात्री वाचलं जाणारं लहान मुलांचं पुस्तक. या किमतीत शिवण टिकायलाच हवी होती. एकच तारा देणार होते.

पान चिकटवायला घेतलं तेव्हा लेक जवळ बसली होती, साडेचार वर्षांची. म्हणाली, "आई, कुऱ्हाड तर त्या काकाकडं हाय की. तू तिच्याकडं हाय म्हणून का वाचतीस?"

खरंच होतं. मजकुरात पोरगी स्वतः कुऱ्हाड उचलते. चित्रात कुऱ्हाड शिकाऱ्याच्या हातात आणि पोरगी आज्जीच्या पलंगामागं. लेक कन्नड शाळेत जाते, मराठी वाचता यायला अजून वेळ आहे. तिच्यासाठी पुस्तक म्हणजे चित्रच. सात महिने मी एक गोष्ट वाचत होते आणि ती दुसरीच बघत होती. तेव्हापासून शिवणीचा राग मागं पडला, चित्रांचा वाढला.

सिंड्रेला राजपुत्राची वाट न बघता चपलांचं दुकान काढते, हे मला घेतानाच आवडलं होतं. आता बघितलं, तर चामडं कापणारे, शिवणारे सगळे पुरुष. कर्नाटकात अथणीकडं घरोघरी बायका कोल्हापुरी चपलांच्या चामड्याच्या वेण्या घालतात. आमच्या निपाणीत सासूबाईंनी विड्या वळून चार पोरं शिकवली. चित्र काढणाऱ्यानं कामाला बसलेली बाई बघितलीच नाही का?

आणि एवढं बदलायची गरज तरी होती का? 'लाल टोपीवाली'च्या, फ्रेंच लेखक पेरो यांच्या १६९७ च्या कथेत लांडगा पोरीला खातो, तिथंच गोष्ट संपते. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या कथेत शिकारी आहे, पण लांडग्याच्या पोटात भरायला दगड आणते ती पोरगीच. पुढं दुसरा लांडगा येतो, त्याला आज्जी आणि नात दोघीच बुडवून मारतात, शिकारी लागतच नाही. चित्रात ती ते दगड उचलताना दाखवली असती तरी माझं समाधान झालं असतं.

'हान्सेल आणि ग्रेटेल' मात्र मनापासून आवडलं. ग्रेटेल चेटकिणीला भट्टीत ढकलते ते चित्र दोन पानं भरून आहे. लेक रोज आधी तेच उघडते.

तीन तारे. अख्खा संच घेऊ नका, ते एक सुटं मिळालं तर घ्या. आणि पैसे देण्याआधी मजकुरावर हात ठेवून नुसती चित्रं बघा.