मुद्दा आधी की प्रसंग आधी? निबंधाचे मधले परिच्छेद लिहिताना

कॉलेजच्या निबंधाची प्रस्तावना सगळेच मन लावून लिहितात, समारोप वेळ उरेल तसा उरकतात, आणि गुण जातात ते मधल्या चार-पाच परिच्छेदांत. एका परिच्छेदात एकच मुद्दा, त्याला पुरावा, पुराव्याचं स्पष्टीकरण, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं, ते पुन्हा सांगत बसत नाही. गोंधळ होतो तो क्रमाचा. आधी मुद्दा सांगून मग पुरावा द्यायचा, की आधी एखादा प्रसंग रंगवून शेवटी मुद्द्यावर यायचं? साताऱ्यात बी.ए.ला असताना आणि पुढे सांगलीत एम.ए. करताना मी दोन्ही तऱ्हांनी भरपूर लिहिलं आहे. दोन्हींचे चाहते वर्गात होते, शिक्षकांतही होते.

एकच विषय धरून बोलू. आपल्या भागात हमखास येणारा: 1943 ते 1946 या काळातलं साताऱ्याचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना डावलून गावोगावी उभं राहिलेलं समांतर सरकार. त्याचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील, त्याचं लढाऊ दल तुफान सेना ही नावं सगळ्यांना पाठ असतात, त्यामुळे माहितीची अडचण नसते, मांडणीची असते. प्रसंग आधी घेणारा साधारण असं लिहितो:

‘7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ पुणे-मिरज रेल्वे अडवली गेली. गाडीत सरकारी पगाराची रक्कम होती. कॅप्टन भाऊ आणि जी. डी. बापू लाड यांच्या नेतृत्वाखाली तरुणांनी ती ताब्यात घेतली. याच चळवळीने पुढे गावोगावी लोकन्यायालये चालवली, तंटे सोडवले, हुंड्याशिवाय लग्ने लावली. यावरून असे दिसून येते की प्रतिसरकार हा एक पर्यायी राज्यकारभार होता.’

आणि मुद्दा आधी घेणारा असं:

‘प्रतिसरकारने इंग्रजांचा कारभार नुसता अडवला नाही, गावाचा कारभार स्वतः चालवून दाखवला. गावोगावी लोकन्यायालये बसत आणि आपसातले तंटे तिथेच मिटत. हुंडा न घेता साधेपणाने लग्ने लावली जात. माणूस आपला तंटा कुणाच्या दारात नेतो, त्यावरून तो कुणाची सत्ता मानतो हे कळते. ज्या गावाने कचेरीची पायरी चढणे सोडले, तिथे इंग्रजांचे राज्य कागदावरच उरले होते.’

वाचायला पहिला परिच्छेद गोड लागतो, यात वाद नाही. तारीख आली, रेल्वे आली, की वाचणारा सावरून बसतो. वर्गात मोठ्याने वाचून दाखवायचं असेल तर मी आजही पहिलाच उचलेन. दुसऱ्याची सुरुवात त्या मानाने कोरडी आहे.

पण मला दुसऱ्याकडे वळवलं ते काटछाटीच्या त्रासाने. अंतर्गत मूल्यमापनाच्या निबंधाला शब्दमर्यादा असते आणि पहिला खर्डा ती हमखास ओलांडतो. मग पेन्सिल घेऊन बसायचं आणि वाक्यं कमी करायची. प्रसंग आधी घेतलेल्या परिच्छेदात हे काम अक्षरशः जीव खातं. वरचाच परिच्छेद घ्या. रेल्वे काढावी, तर ‘याच चळवळीने’ म्हणजे कुठल्या, हे कळेनासं होतं. लोकन्यायालयं काढावी, तर शेवटचा निष्कर्ष कशावरून काढला तेच उरत नाही. पगाराची रक्कम काढावी, तर रेल्वे का अडवली हे सांगायला नवीन वाक्य लिहावं लागतं. प्रत्येक वाक्य पुढच्याच्या गळ्यात गळा घालून उभं असतं. एक काढलं की सगळा परिच्छेद पुन्हा लिहा. रात्री हे करत बसलं की निबंधाचाच राग येतो.

आणि मग लक्षात येतं की रेल्वेचा मुद्द्याशी संबंधच नव्हता. पगाराची गाडी लुटणं हा सरकारवरचा हल्ला. परिच्छेदाला म्हणायचं होतं कारभाराबद्दल. रेल्वे आवडती होती म्हणून आत आली, दारातच बसली, आणि आता तिला उठवताही येत नाही. मुद्दा आधी लिहिला असता तर ती आलीच नसती. पहिलं वाक्य बांधासारखं असतं. आतलं आपलं, बाहेरचं बाहेर. प्रत्येक वाक्याला एकच विचारायचं: तू कारभाराबद्दल काही सांगतोस का? सांगत नसशील तर हल्ल्याच्या, पैसा उभारण्याच्या परिच्छेदात जा. रेल्वे तिथे शोभते, आणि तिथे तिला वाट्टेल तेवढी जागा द्या.

दुसरा फायदा मला उशिरा दिसला. मुद्दा पहिल्याच ओळीत सांगून झाला की शेवटच्या ओळी मोकळ्या राहतात, आणि मग पुरावा आणि मुद्दा यांच्यामधलं अंतर भरून काढायची पाळी येते. वरच्या दुसऱ्या परिच्छेदात तंटा कुणाच्या दारात नेतो ते वाक्य बघा. पुस्तकातून उतरवलेलं नाही, लिहिणाऱ्याने स्वतः विचार करून घातलेलं आहे. माझ्या अनुभवात गुण असल्याच वाक्याला मिळतात. प्रसंगाच्या वाटेने गेलं की तिथवर पोचेपर्यंत परिच्छेद संपलेला असतो. ‘यावरून असे दिसून येते की’ लिहायचं आणि सुटायचं. कशावरून, कसं, ते वाचणाऱ्याने बघावं.

मुद्दा आधी घेण्याचे तोटे नाहीत असं नाही. एक म्हणजे शेवटची ओळ पहिल्या ओळीचीच री ओढते. हे फार होतं. उपाय सोपा आहे, शेवटची ओळ खोडून परिच्छेद वाचायचा, काही कमी झालं नसेल तर ती परत लिहायची नाही. दुसरा तोटा जरा चिवट. मुद्दा म्हणून लोक काहीतरी ढोबळ लिहून ठेवतात: ‘प्रतिसरकारने समाजात मोठे बदल घडवले.’ हे वाक्य कुठल्याही चळवळीला चालेल. बांध इतका लांब घातला की सगळं गावच आत येतं. यावर कुणी ‘छे, मला नाही पटत’ म्हणू शकेल का, असं विचारून बघावं. कुणीच म्हणणार नसेल तर तो मुद्दा झालेला नाही.

पुराव्यातली काटेकोरता मात्र दोन्हीकडे सारखीच लागते. ‘सांगली जिल्ह्यातील प्रतिसरकार’ असं सर्रास लिहिलेलं दिसतं. 1943 साली सांगली जिल्हाच नव्हता. 1949 मध्ये दक्षिण सातारा म्हणून तो वेगळा झाला आणि सांगली हे नाव 1960 चं. ‘आजच्या सांगली जिल्ह्यातील’ एवढं लिहिलं तरी इतिहासाच्या सरांची लाल शाई वाचते.

प्रसंग आधी घ्यावा अशी एक जागा मात्र मी खुशाल मान्य करतो. वाचणारा मुद्दा ऐकताच मान हलवणार असेल, तेव्हा. समजा, तुम्हाला म्हणायचं आहे की माणसाने साठवलेल्या पाण्यामुळेही भूकंप होऊ शकतो. पहिल्याच ओळीत हे सांगितलं तर अनेकांना ती अतिशयोक्ती वाटेल. त्यापेक्षा कोयनेपासून सुरू करा. धरणात पाणी साठायला लागलं, त्या भागात हादरे जाणवू लागले, 11 डिसेंबर 1967 ला कोयनानगरचा मोठा भूकंप झाला, आणि जगभरच्या भूकंपतज्ज्ञांनी या भागाकडे लक्ष वळवलं. एवढं वाचून झाल्यावर मुद्दा गळी उतरतो. इथे प्रसंग परिच्छेदातून काढताच येणार नाही, कारण तोच पुरावा आहे. शेणोलीच्या रेल्वेचं तसं नव्हतं.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना तर मी फार विचार करायलाच सांगणार नाही. यूपीएससीच्या निबंधाच्या पेपरात तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी 125 गुणांचे, हजार-बाराशे शब्दांचे. हाताने लिहायचं, खोडून पुन्हा मांडायला वेळ नाही. प्रसंग रंगवता रंगवता घंटा झाली तर शेवटच्या परिच्छेदाचा मुद्दा तुमच्या डोक्यातच राहिला, कागदावर नुसती गोष्ट उरली.

ललित निबंधाचं, वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणाचं गणित वेगळं, तिथे हा सल्ला लावू नका. तुमच्या सरांना प्रसंगाने सुरुवात आवडत असेल तर त्यांच्याशी वाद घालण्यातही अर्थ नाही. अशा वेळी मी मधली वाट काढतो: कच्च्या वहीत मुद्दा आधी लिहून परिच्छेद पूर्ण करायचा, काटछाट उरकायची, आणि पक्का उतरवताना पुराव्यातलं एखादं वाक्य उचलून वर न्यायचं. उलट दिशेने हे मला कधी जमलेलं नाही.