स्टिम्युलेटरची बॅटरी: चार्जिंगची की बिनचार्जिंगची?

तात्पुरत्या ट्रायलमध्ये आत्याचं दुखणं निम्म्यावर आलं. आता पाठीच्या कण्याचा स्टिम्युलेटर (मज्जारज्जूला सौम्य करंट देऊन दुखणं दबवणारं यंत्र) कायमचा बसवायचाय, पण गाडी बॅटरीवर अडली आहे. माहितीपत्रकं बाजूला ठेवूनच बोलू.

बिनचार्जिंगची बॅटरी साधारण दोन ते पाच वर्षं चालते. करंट जास्त लागला तर लवकर संपते. मग ती बदलायला पुन्हा छोटी शस्त्रक्रिया. कण्यापर्यंत करंट नेणाऱ्या तारा शक्यतो तशाच राहतात, पण चीर आली की संसर्गाचा धोका आलाच. चार्जिंगची बॅटरी दहाएक वर्षं टिकते. सुरुवातीला महाग पडते खरी, पण बदलण्याचा खर्च धरला की हिशेब बरेचदा उलटतो.

खरी मेख रोजच्या कष्टांत आहे. बॅटरी त्वचेखाली असते, म्हणून चार्जर त्वचेवर नेमक्या जागी धरून बसावं लागतं. काहींना रोज, काहींना आठवड्यातून एकदा. कंटाळून चार्जिंग सोडलं की महागडं यंत्र नुसतं पडून! यंत्र असताना एमआरआय करता येईल का, हे मात्र मॉडेलवर ठरतं, आधीच विचारा.

वय कमी, करंट जास्त लागतो किंवा १० किलोहर्ट्झची (खूप वेगाने स्पंदनं देणारी) पद्धत हवी, तर चार्जिंगची. हात थरथरतात, विसर पडतो, करंटही कमी पुरतो, तर बिनचार्जिंगची. आत्याला मी बिनचार्जिंगचीच सुचवेन.