'फॅट ब्लॉकर' घ्यायचंय? ऑर्लिस्टॅट, ग्रीन टीचा अर्क आणि गार्सिनिया

वजन कमी करायला 'फॅट ब्लॉकर' शोधायला गेलं की तीन नावं हमखास पुढे येतात: ऑर्लिस्टॅट, ग्रीन टीचा अर्क आणि गार्सिनिया कंबोजिया. शेवटच्या दोन्हींच्या डब्यावर हिरवं पान छापलेलं असतं आणि बरेच जण त्या पानावरच भुलतात.

जेवणातलं तेल-तूप जसंच्या तसं अंगात जिरत नाही. स्वादुपिंडातून येणारं लायपेज हे विकर (एन्झाइम) आधी त्याचे तुकडे करतं. लायपेज अडवलं, तर फॅट न पचता शौचावाटे बाहेर पडतं. अडचण एवढीच की स्वादुपिंड हे विकर गरजेपेक्षा कितीतरी जास्त सोडतं. स्वादुपिंडाच्या आजारातसुद्धा त्याचं प्रमाण नेहमीच्या 10 टक्क्यांखाली उतरेपर्यंत शौचात फॅट दिसू लागत नाही. म्हणजे थोडंफार लायपेज अडवून काही साधत नाही.

ग्रीन टी इथेच मार खातो. त्यातलं ईजीसीजी हे रसायन परीक्षानळीत लायपेजला रोखतं, हे खरं आहे. पण पोटात ते अन्नातल्या प्रथिनांना चिकटतं, पातळ होतं, आणि विकरावरची त्याची पकडही सैलच. ग्रीन टीवरच्या चाचण्या एकत्र तपासणारा कोक्रेन या संशोधन-संस्थेचा आढावा 2012 मध्ये आला. त्यात वजनातली घट दखल घेण्याजोगी नव्हती. द्राक्षाच्या बिया, जिनसेंग, मेथीतली सॅपोनिनं यांचेही आकडे परीक्षानळीत किंवा उंदरांवर छान दिसतात. त्यावर माणसाने पैसे घालावेत, असं मला तरी वाटत नाही.

गार्सिनियाची तर गल्लीच वेगळी. त्यातलं हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल (आपल्या आमसुलातही ते असतं) लायपेजच्या वाटेला जात नाही; पेशींमध्ये पिठूळ पदार्थांपासून चरबी तयार होण्याचं काम ते रोखतं, असा दावा आहे. 1998 मध्ये 135 जणांवर 12 आठवडे झालेल्या चाचणीत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्याचा काही जास्त फायदा दिसला नाही. सोलकढी चवीसाठी खुशाल प्यावी.

उरलं ऑर्लिस्टॅट. गंमत अशी की ते वनस्पतीतून आलेलंच नाही. स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या एका जिवाणूत सापडलेल्या लिपस्टॅटिनपासून ते बनलं आणि 1999 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. लायपेजच्या कामाच्या जागीच ते घट्ट बसतं. 120 मिलिग्रॅमची कॅप्सूल दर जेवणाबरोबर घेतली, तर जेवणातलं साधारण 30 टक्के फॅट वाया जातं. दिवसाला 60 ग्रॅम फॅट खाणाऱ्याचे 18 ग्रॅम, म्हणजे मोठ्या चमच्याने सव्वा चमचा तेल आणि 160 कॅलरी. तीन कॅप्सूलची कमाई इतकीच! स्वीडनमधल्या 3,305 जणांच्या चार वर्षांच्या चाचणीत सरासरी घट 5.8 किलो होती. नुसता आहार-व्यायाम करणाऱ्यांची 3 किलो. मधुमेह मात्र 9 ऐवजी 6.2 टक्के लोकांनाच झाला, आणि मला हा आकडा वजनापेक्षा मोलाचा वाटतो.

त्रासही खणखणीत आहे. तर्रीदार मिसळ चापली की कपड्यांवर तेलकट डाग, गॅसबरोबर तेल, आणि भर मीटिंगमधून संडासकडे धाव. एका अर्थी हीच औषध चालल्याची खूण. मिसळ खाऊनही यातलं काहीच होत नसेल, तर त्या हिरव्या पानाच्या कॅप्सूलने नक्की कुठलं फॅट अडवलं, हे विचारायला हवं.

'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हेही विसरा. रोज 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी अर्काच्या रूपात घेतल्यास यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलं. गार्सिनिया असलेल्या गोळ्यांनंतरही यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. ऑर्लिस्टॅटबाबतही असा इशारा आहे, पण तसे रुग्ण विरळा.

मला विचाराल, तर पैसे ऑर्लिस्टॅटवरच घालावेत, तेही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 30 च्या वर असेल, किंवा 27 च्या वर असून सोबत मधुमेह-बीपी असेल, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच. साखरेचा चहा, भात आणि गोडधोड खाऊन वजन वाढलं असेल, तर ते त्याला हातही लावत नाही. गरोदरपणात आणि पित्ताचा प्रवाह अडला असताना ते चालत नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा, आणि ए, डी, ई, के जीवनसत्त्वांची गोळी रात्री झोपताना घ्या.