जीमेलचं ‘मॅनेज सबस्क्रिप्शन्स’ : आईबाबांच्या इनबॉक्सची सफाई करताना

दुकानात बिल करताना ईमेल विचारला जातो, तो सांगितला जातो, आणि पुढच्या आठवड्यापासून सेलचे मेल सुरू होतात. पाच-सहा वर्षं वापरात असलेल्या खात्यात मग विजेचं बिल, एफडीची पावती आणि साड्यांवरची सूट एकाच रांगेत उभी असते. नवख्या माणसाला यावर एकच उपाय माहीत असतो : रोज बसून एकेक मेल डिलीट करायचा. त्याने समोरचा मेल जातो, उद्या येणारा थांबत नाही. फोनवर बोटाने बाजूला सरकवलेला मेल तर मुळात डिलीटच होत नाही. जीमेलच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये तो अर्काइव्ह होतो, म्हणजे इनबॉक्समधून फक्त दिसेनासा होतो, आणि ‘ऑल मेल’मध्ये जागा अडवून बसतो.

जुलै २०२५ मध्ये गूगलने जीमेलमध्ये ‘मॅनेज सबस्क्रिप्शन्स’ नावाचं पान आणलं. आधी वेबवर, मग अँड्रॉइडवर आणि आयफोनवर ते टप्प्याटप्प्याने पोचलं. तुम्हाला नेमाने जाहिरातवजा मेल पाठवणाऱ्या सगळ्यांची यादी इथे एका जागी दिसते. सर्वांत जास्त मेल पाठवणारा सर्वांत वर, आणि गेल्या काही आठवड्यांत त्याने साधारण किती मेल पाठवले तेही सोबत. मेल उघडून तळाशी राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांतली लिंक शोधायचा त्रास त्यामुळे वाचतो. डोळ्यांना कमी दिसणाऱ्यांसाठी एवढी एक गोष्टही मोठी आहे. नवख्यांसाठी जीमेलने आजवर दिलेल्या सोयींमध्ये ही सर्वांत उपयोगी, असं नि:शंकपणे म्हणता येतं. मात्र पहिल्या खेपेला शेजारी एक जाणता माणूस हवा. का, ते पुढे येईलच.

फोनवर जीमेल उघडा, डावीकडे वर तीन आडव्या रेघा आहेत त्या दाबा, खाली सरकत जा, ‘मॅनेज सबस्क्रिप्शन्स’ दिसेल. संगणकावर डावीकडच्या पट्टीत ‘मोअर’ दाबल्यावर ते उघडतं. यादीतल्या नावावर दाबलं की त्या पाठवणाऱ्याचे मेल दिसतात. नाव ओळखीचं नसेल तर ही पायरी चुकवू नका, कारण कंपनीचं नाव एक आणि दुकानाच्या पाटीवरचं नाव दुसरं, असं फार वेळा असतं. खात्री पटली की नावाशेजारचं अनसबस्क्राइबचं, म्हणजे ‘यापुढे मेल नकोत’ असं कळवणारं, बटण दाबायचं. फोनमध्ये दोन खाती असतील तर उजवीकडे वरच्या गोल चित्रावर दाबून आधी योग्य खातं निवडा. एका खात्याची यादी साफ केली तरी दुसऱ्या खात्यात सेल सुरूच राहतो आणि ‘हे काही चालत नाही’ असं म्हणून माणूस सोडून देतो.

बटण दाबल्यावर प्रत्येक वेळी एकच गोष्ट घडत नाही, आणि नवखा माणूस नेमका इथे गोंधळतो. बरेचदा एक छोटी चौकट येते, ‘अनसबस्क्राइब’ पुन्हा दाबलं की काम संपतं. काही वेळा तुमच्या नावाने पाठवणाऱ्याला एक मेल जातो. तो नंतर ‘सेंट’मध्ये दिसला तर घाबरायचं कारण नाही. तिसऱ्या प्रकारात जीमेल ‘गो टू वेबसाइट’ म्हणतं. हे बटण दाबलं आणि वेबसाइट उघडली, एवढ्यावर काम झालेलं नसतं. त्या पानावर जाऊन ‘कन्फर्म’, ‘सबमिट’ किंवा ‘सेव्ह’ दाबावं लागतं. पान उघडलं, काम झालं असं समजून मागे फिरणाऱ्यांचे मेल थांबत नाहीत.

हा फरक जीमेलच्या लहरीवर अवलंबून नसतो. मेल पाठवणारा प्रत्येक मेलला, वाचणाऱ्याला न दिसणारी एक चिठ्ठी जोडतो. ‘बंद करायचं असेल तर इथे कळवा’ असा पत्ता त्या चिठ्ठीत असतो. चिठ्ठीची ही पद्धत १९९८ पासूनची आहे आणि एका दाबात काम होण्याची सुधारित पद्धत २०१७ मध्ये ठरली. ज्याने नवी चिठ्ठी जोडली त्याचं एका दाबात होतं, ज्याने जुनी जोडली तो तुम्हाला वेबसाइटवर पाठवतो. गूगल आणि याहू यांनी २०२४ मध्ये नियम घट्ट केले : जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांनी जाहिरातीच्या मेलमध्ये एका दाबाची सोय दिलीच पाहिजे आणि विनंती दोन दिवसांत अमलात आणली पाहिजे. मोठ्या कंपन्यांचे मेल आता पटकन थांबतात ते यामुळे. तरीही बटण दाबल्यावर काही दिवस थांबा. आधीच रांगेत लावलेले एक-दोन मेल येऊन जातात. अमेरिकी कंपनी असेल तर तिथला कायदा तिला कामाचे दहा दिवस देतो. तारीख वहीत लिहून ठेवा. दोन आठवड्यांनंतरही मेल येत असेल तर तो उघडून उजवीकडचे तीन ठिपके दाबा आणि ‘ब्लॉक’ करा. ब्लॉक केलेल्याचे मेल येतात, पण थेट स्पॅममध्ये, म्हणजे नकोशा मेलच्या कप्प्यात, जातात.

वेबसाइटवर गेल्यावर जे समोर येतं ते कित्येकदा मुद्दाम गोंधळात टाकणारं असतं. ‘मला तुमच्यासोबत राहायचं आहे’ हे बटण मोठं आणि रंगीत, ‘बंद करा’ मात्र फिकट. किंवा आठ-दहा चौकटी : ऑफर्स, नवीन माल, साप्ताहिक पत्र, वाढदिवसाच्या शुभेच्छा. अशा वेळी पानाच्या अगदी तळाशी जा. ‘अनसबस्क्राइब फ्रॉम ऑल’ बहुधा तिथे असतं. चौकटींपुढच्या खुणा काढायच्या आहेत की ठेवायच्या, हे वरचं वाक्य वाचल्याशिवाय ठरवू नका. ‘जे हवं ते निवडा’ आणि ‘जे नको ते निवडा’ अशी दोन्ही प्रकारची पानं भेटतात. ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ अशी लाज आणणारी वाक्यं बटणावर असली तर ज्येष्ठ माणूस खरंच बिचकतो. त्याला सांगा की अशा फसव्या मांडणीविरुद्ध केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत आणि लाज आणून निर्णय फिरवणं हा त्यातलाच एक. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तक्रार तिथे करता येते.

त्या पानावर तुमचा ईमेल पत्ता टाकायला सांगितला तर ते चालण्यासारखं आहे. पासवर्ड, ओटीपी, आधार, कार्डचा क्रमांक यांपैकी काहीही मागितलं तर पान तिथेच बंद करा. मेल थांबवायला यातलं काहीच लागत नाही. माहिती दिली गेली आणि पैसे गेले, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा.

आता या पानाचा सर्वांत मोठा दोष. कोणता मेल नकोसा आणि कोणता गरजेचा, हे यादी सांगत नाही. बँकेच्या कर्जाच्या जाहिराती, त्याच बँकेचं मासिक स्टेटमेंट, डीमॅटचं एकत्रित विवरण, विमा हप्त्याची आठवण, पीएफ आणि प्राप्तिकर खात्याचे मेल, डॉक्टरांच्या तपासण्यांचे अहवाल : यांपैकी काय यादीत येईल ते पाठवणाऱ्याने जोडलेल्या चिठ्ठीवर ठरतं. नावं सारखी असतात. उत्साहाच्या भरात भराभर बटणं दाबणाऱ्याचा हात चुकीच्या नावावर पडतो आणि ते लगेच कळतही नाही, हप्ता चुकल्यावर कळतं. महावितरणच्या ‘गो ग्रीन’ योजनेत कागदी बिल बंद करून सवलत घेतलेली असेल तर ईमेल हेच तुमचं बिल आहे. तो बंद झाला की दारात कागद येणार नाही. म्हणून एका बैठकीत दहाच नावं घ्या, वरून सुरुवात करा, आणि पैसे, आरोग्य, सरकार, घर यांच्याशी संबंध असलेलं प्रत्येक नाव पहिल्या दिवशी वगळा.

हीच काळजी ‘रिपोर्ट स्पॅम’ बाबतही. अनसबस्क्राइबला पर्याय म्हणून पुष्कळ जण स्पॅमचं बटण वापरतात, कारण ते हाताशी असतं. पण त्यावरून जीमेल शिकत जातं. बँकेच्या जाहिराती सतत स्पॅम ठरवल्या तर त्याच बँकेचे कामाचे मेलही स्पॅममध्ये पडू शकतात आणि तिथे ३० दिवसांनंतर ते आपोआप पुसले जातात. ज्यांचे मेल हुकायला नकोत त्यांच्यासाठी संगणकावर फिल्टर, म्हणजे त्यांच्या मेलचं काय करायचं याचा नियम, करून ठेवा : वरच्या शोधपट्टीत उजव्या टोकाचं चिन्ह दाबा, ‘फ्रॉम’मध्ये पत्ता टाका, ‘क्रिएट फिल्टर’ दाबा आणि ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’वर खूण करा. फोनच्या ॲपमध्ये फिल्टर बनवता येत नाही, ही जीमेलची जुनी उणीव आहे. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांना तिचा फटका बसतो.

उलट, जे खरोखरचं स्पॅम आहे (लॉटरी, अडकलेलं पार्सल, ‘तुमचं खातं आज बंद होईल’) त्यातल्या मजकुरात दिलेल्या अनसबस्क्राइबच्या लिंकला हात लावू नका. त्या लिंकवर दाबलं की पत्त्यामागे जिवंत माणूस आहे हे समोरच्याला कळतं, आणि लिंक कुठे नेईल याचा भरवसा नसतो. सोपी खूण अशी : जीमेलने स्वतः वर, पाठवणाऱ्याच्या नावाजवळ किंवा तीन ठिपक्यांच्या आत दिलेलं बटण वापरायचं. तिथे ते नसेल आणि नाव अनोळखी असेल तर रिपोर्ट स्पॅम. सोसायटीचा सचिव किंवा ओळखीचा क्लासवाला साध्या जीमेलवरून शंभर जणांना पाठवतो ते मेल या यादीत येतच नाहीत. तिथे ‘माझं नाव काढा’ असं दोन ओळींचं उत्तर हाच सरळ मार्ग.

‘एका क्लिकमध्ये सगळं साफ’ म्हणणाऱ्या बाहेरच्या सेवांपासून नवख्यांना लांब ठेवा, असं स्पष्ट मत आहे. त्यांना आधी तुमचे सगळे मेल वाचायची परवानगी द्यावी लागते. अनरोल-मी ही अशीच फुकट सेवा होती. तिच्या मालक कंपनीने लोकांच्या मेलमधल्या पावत्यांवरून काढलेली माहिती विकल्याचं २०१७ मध्ये उघड झालं आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये त्या सेवेवर ग्राहकांची दिशाभूल केल्याचा ठपका ठेवला. ज्या मेलखात्याला बँक जोडलेली आहे त्याची किल्ली साफसफाईसाठी परक्याला देऊ नये. आधीच दिलेली असेल तर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जोडलेल्या ॲप्सची यादी असते, तिथून ती परवानगी काढून घेता येते.

अनसबस्क्राइब केल्याने जुने मेल जात नाहीत, जागाही मोकळी होत नाही. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट मिळतात, आणि ‘जागा संपली’ ही सूचना आली की लोक घाबरून नातवंडांचे फोटो पुसायला घेतात. त्याआधी संगणकावर शोधपट्टीत category:promotions older_than:1y असं टाका. (हे इंग्रजी अक्षरांतच टाकावं लागतं.) वरच्या चौकटीत खूण केली की आधी त्या पानावरचेच मेल निवडले जातात. लगेच वर ‘सिलेक्ट ऑल कॉन्व्हर्सेशन्स’ची ओळ येते, ती दाबली की सगळे. मग डिलीट. पण आधी दोन-तीन पानं चाळा, कारण विमानाचं तिकीट किंवा वॉरंटीची पावतीही प्रमोशन्समध्ये जाऊन बसलेली असते. चुकून गेलंच तर ते ३० दिवस ‘ट्रॅश’मध्ये राहतं.

प्रमोशन्सच्या टॅबमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेल्या ओळी मेलसारख्या दिसतात, पण त्या गूगलच्या जाहिराती आहेत. त्यांना अनसबस्क्राइब नसतं, शोधत बसू नका. क्रोममधून पडद्यावर उडी मारणाऱ्या बातम्या वेबसाइटच्या नोटिफिकेशन्स असतात, त्या क्रोमच्या सेटिंगमधून बंद होतात. एसएमएस आणि फोनसाठी १९०९ वरची डीएनडी नोंदणी आहे, ती ईमेलला लागू नाही. आउटलुकमध्ये सेटिंग्ज, मेल, सबस्क्रिप्शन्स या वाटेने अशीच यादी मिळते आणि आयफोनच्या मेल ॲपमध्ये मेलच्या वर अनसबस्क्राइबची पट्टी येते. पण नेमाने मेल पाठवणाऱ्यांना त्यांच्या संख्येनुसार ओळीने लावण्याचं काम जीमेल चोख करतं.

गूगलने दोन गोष्टी अजून करायला हव्यात. एक, ‘या पाठवणाऱ्याला कुलूप’ अशी सोय, म्हणजे बँक किंवा महावितरणचं नाव चुकून दाबलं जाणारच नाही. दुसरी, मागे फिरायचं बटण. आज अनसबस्क्राइब झालेलं परत सुरू करायचं तर त्या कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन पुन्हा नाव नोंदवावं लागतं, आणि ज्याला बंद करायला मदत लागली त्याला सुरू करायलाही लागणारच. तोवर फोनच्या कव्हरमध्ये मावेल एवढ्या कागदावर मोठ्या अक्षरात ‘हात लावू नये’ अशी सात-आठ नावं लिहून द्या : बँक, वीज, विमा, पीएफ, प्राप्तिकर, डीमॅट, दवाखाना. ज्या नावाने मेल येतो तेच नाव लिहा, पाटीवरचं नको.