सेकंडहँड ईव्ही, ९ महिने, १७ हजार किमी: पगार तीस हजाराच्या आत असणाऱ्यांसाठी

पुण्यात धायरी ते चाकणची कंपनी, जाऊन-येऊन ८० किमी. आधी बाईकवर जायचो, कंबर गेली. २०२३ ची टियागो ईव्ही, १९.२ युनिटच्या छोट्या बॅटरीवाली, पावणेसहा लाखांना घेतली. दीड लाख भिशी आणि पीएफमधून, बाकी लोन. जुन्या गाडीला व्याज साडेचौदा टक्के, हप्ता १० हजार. नवीन गाडी घेणाऱ्याला ९ च्या आसपास मिळतं म्हणे, म्हणजे ज्याच्याकडे कमी त्यालाच महाग! ईव्ही लोनच्या व्याजावरची इन्कम टॅक्सची सूट, म्हणजे ८०ईईबी, तीसुद्धा मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या लोनलाच होती, आणि तशीही आपल्याला टॅक्सच लागत नाही तर सूट कशातून घेणार.

गाडी मस्त आहे, नवले पुलाच्या जाममध्ये पाय दुखत नाही, फुल चार्जमध्ये दीडशे किमी आरामात जाते. एवढंच, बाकी फीचर यूट्यूबवर बघा.

खरी कटकट प्लगची. मीटर खाली पार्किंगमध्ये म्हणून नशीब, तरी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी एनओसीला दोन महिने लावले, "आग लागली तर कोण बघणार?" शेवटी स्वतःच्या खर्चाने १५ अँपियरचा सॉकेट ओढला, तर पहिल्याच रात्री चार्जरवर लाल दिवा. बिल्डिंगचं आर्थिंगच धड नव्हतं! वायरमनने खड्डा खणून वेगळं आर्थिंग केलं, तेव्हा रात्री अकराला हिरवा दिवा लागला आणि बायको गॅलरीतून ओरडली, "लागलं का एकदाचं?"

आता हिशोब. लाईट बिल ९०० वरून ४३०० वर गेलं, कारण ३०० युनिटच्या वर स्लॅब बदलतो, हे शोरूमवाले सांगत नाहीत. तरी पेट्रोल कारला एवढ्या रनिंगला ११ हजाराच्या पुढे गेले असते. पण आपण पेट्रोल कारवरून थोडीच येतो, आपण बाईकवरून येतो! बाईकला साडेचार हजार लागायचे. आता हप्ता अधिक वाढलेलं लाईट बिल मिळून साडेतेरा हजार, त्यात कंपनीतले दोघं सोबत येतात ते दोन-दोन हजार देतात, तरी महिन्याला पाच हजार जास्तच जातात. ते कंबरेचे धरले मी.

मामेभाऊ जनता वसाहतीच्या झोपडपट्टीत राहतो, परवा विचारत होता घेऊ का म्हणून. त्याची बाईकच गल्लीच्या तोंडाशी लावतो, वायर कुठून आणणार? बाहेर चार्ज केली तर मला युनिटला १८-२० पडले, वर रांग. त्याला म्हटलं, सध्या सीएनजी बघ.