व्हर्च्युअलबॉक्स वापरून बघितलं : जुनं पेजमेकर नव्या कॉम्प्युटरवर नेताना

आमचं बार्शीत डीटीपी आणि छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, आणि हे सगळं काम वीस वर्षं पेजमेकर ७ या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्येच. पेजमेकर ७ आलं २००१ ला आणि २००४ मध्ये ॲडोबीने त्याचं पुढचं काम बंद केलं, तरी आमच्यासारख्या प्रेसमध्ये ते आजही रोज सकाळी उघडतं, कारण गिऱ्हाईक येऊन म्हणतं, काका थोरल्याच्या लग्नात छापली होती तशीच पत्रिका काढा, फक्त नावं बदला.

जुन्या मशिनवर विंडोज ७ होतं, ३२ बिट, म्हणजे जुन्या पद्धतीचं. जूनमध्ये हार्ड डिस्क कट् कट् आवाज करायला लागली तेव्हा पोटात गोळाच आला. नवीन कॉम्प्युटर घेतला, १६ जीबी रॅम, विंडोज ११. आता विंडोज ११ हे ६४ बिटमध्येच येतं, ३२ बिटचं निघालंच नाही. जुन्या फायली पेनड्राइव्हवरून आणल्या, पेजमेकर टाकलं, पहिली फाईल उघडली तर फॉन्ट मिळत नाहीत म्हणून त्यांच्याऐवजी कुठले लावायचे ते विचारणारी पॅनोज वाली यादी आली आणि मागे 'श्री गणेशाय नमः' च्या जागी नुसती फ्रेंच-जर्मन टाइपची टोप्या घातलेली अक्षरं. फॉन्ट कॉपी करून टाकले तर दिसायला लागलं, पण एक वेलांटी बदलायची म्हटली तरी टायपिंग चालेना. कारण आमच्या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (पेनड्राइव्हसारखी किल्ली, ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) लागतं आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते ओळखता यावं म्हणून लागणारी फाईल, ३२ बिटचा, तो ६४ बिट विंडोज घेतच नाही, कितीही वेळा इन्स्टॉल करा. इथे दुकानदार मंडळी 'कंपॅटिबिलिटी मोड लावा', म्हणजे जुन्या विंडोजसारखं चालवा, असं सांगतात, पण त्याने ड्रायव्हरला काही फरक पडत नाही, तो फक्त प्रोग्रॅमसाठी असतो. हे मला दोन दिवस वाया घालवून कळलं.

एकाने सल्ला दिला की जुनं सगळं सोडा आणि युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगमध्ये) नव्याने करा. बरोबर आहे त्यांचं, पण सप्टेंबर संपायच्या आत पतसंस्थांच्या वार्षिक सभा असतात, अहवाल आधी छापून पाहिजेत, तेव्हा कुठे नव्याने करत बसणार.

मग पुतण्याने व्हर्च्युअलबॉक्स सांगितलं. म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत एका खिडकीत जुना कॉम्प्युटर अख्खा चालतो, त्याला वाटतं आपण खरंच वेगळं मशीन आहोत. ऑरॅकलचं आहे, बेस पॅकेज फुकट आहे, दुकानात वापरायलाही. एक्स्टेन्शन पॅक (वरची जादा पुरवणी) मात्र घरगुती किंवा शिक्षणाच्या वापरापुरताच फुकट आहे, तो टाकू नका, ७ व्हर्जनपासून यूएसबी २ आणि ३ बेसमध्येच मिळतं त्यामुळे डोंगलसाठी त्याची गरज पडत नाही.

सगळ्यात आवडलं ते हे की काहीच परत इन्स्टॉल करावं लागलं नाही. मायक्रोसॉफ्टचं डिस्कटूव्हीएचडी नावाचं एवढंसं टूल आहे, ते जुन्या मशिनवर चालवलं आणि चालू विंडोजसकट पूर्ण हार्ड डिस्कची एक फाईल बाहेरच्या डिस्कवर काढली. तिथे व्हीएचडीएक्स या नव्या प्रकारच्या फाईलची टिकमार्क काढायला विसरू नका, व्हर्च्युअलबॉक्सला साधी व्हीएचडी लागते. मी विसरलो, परत तीन तास कॉपी. पहिल्यांदा सुरू केलं तर निळी स्क्रीन, कोडच्या शेवटी ७बी. घाबरू नका, स्टोरेजमध्ये हार्ड डिस्क जोडणारा कंट्रोलर साटाचा (नवा प्रकार) आयडीई (जुना प्रकार) केला आणि पुढच्या मिनिटाला माझा जुना डेस्कटॉप समोर, तोच गणपतीचा वॉलपेपर, त्याच फोल्डरांची तीच गर्दी. डोंगल लावलं, यूएसबीच्या मेनूत टिक केलं, टायपिंग सुरू. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं.

एक लक्षात ठेवा, मशीन बदललं की विंडोज परत ॲक्टिव्हेशन मागतं. माझं डबा घेऊन विकत घेतलेलं होतं म्हणून दुसरीकडे न्यायला हरकत नव्हती. कॉम्प्युटरसोबत आलेलं विंडोज त्याच मशिनला बांधलेलं असतं.

वेगाचं म्हणाल तर आतल्या मशिनला २ जीबी रॅम दिली, भरपूर होते. खिडकीच्या खाली कोपऱ्यात हिरवं कासव दिसलं तर समजा की विंडोज ११ ची मेमरी इंटिग्रिटी चालू आहे म्हणून आतलं मशीन हळू चालतंय. ती बंद करता येते पण ती सुरक्षेसाठी असते, मी चालूच ठेवली, माझं काम कासवावरही होतं. शेअर्ड फोल्डर (आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही मशिनला दिसणारा) मात्र फक्त फायली आतबाहेर करायला वापरा, फोटो त्यातूनच लिंक केले तर पान उघडायला वेळ लागतो, आधी आत कॉपी करा. छपाईसाठी आत पीडीएफ करतो आणि प्रिंट बाहेरून देतो. आणि आतल्या मशिनचं नेट बंद ठेवलंय, विंडोज ७ चे सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबलेत, त्याला नेटवर सोडणं म्हणजे दुकान उघडं टाकून जेवायला जाणं.

माझे स्टार पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण सेटिंगची नावं सगळी इंजिनियरच्या भाषेत आहेत, घरात शिकलेलं पोर नसेल तर माणूस पहिल्याच निळ्या स्क्रीनला सोडून देईल. ज्यांचं डोंगल अजून जुन्या प्रिंटरच्या लांब पोर्टवालं आहे त्यांना मात्र हे जमेलच असं सांगत नाही, नव्या मशिनला ते पोर्टच नसतं.

पतसंस्थेचा अहवाल वेळेत गेला. आता रोज दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा दोन-तीन पत्रिका उघडतो, मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोड करतो, रफार आणि जोडाक्षरं डोळ्याने तपासतो कारण तिथे हमखास चुकतं, आणि नवीन फोल्डरला टाकतो. सध्या २०१९ सालावर आलोय.